साडेसात फूट

दारवानानं कोट परत आणला तेव्हा रफूवाल्याला वाटलं, दुसरीकडे कुठेतरी फाटला असेल. उणीपुरी एकोणचाळीस वर्षं तो त्या खिडकीखाली बसून लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवत होता, आणि बुजवलेलं भोक परत आलंय असं कधी झालं नव्हतं. दारवान कोपऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलच्या काचेच्या दाराशी उभा असे. उंचच उंच माणूस. दारांखाली वाकायची इतकी सवय झालेली की मोकळ्या रस्त्यावरही जरा वाकूनच चाले. त्यानं कोट टेबलावर पसरला आणि डाव्या कोपरावर बोट ठेवलं. रफूवाल्यानं कोपर चाचपलं. बोटाला काहीच लागलं नाही. वीण सपाट, उभे-आडवे धागे जिथल्या तिथे. झकास आहे की, असं तो म्हणाला, तेव्हा दारवान मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, कोट निळा आहे."

"आहे ना."

"आणि रफू तपकिरी आहे."

रफूवाला कोट घेऊन दाराशी गेला. सकाळचं ऊन पायरीवर आलं होतं. त्यानं कोपर उन्हात धरलं, डोळ्याजवळ नेलं, लांब केलं. कोट एकाच रंगाचा होता. गडद, रात्रीसारखा, इकडून तिकडून सारखा. उजेडाचा फरक पडत असेल, असं तो म्हणाला. आणि ते म्हणताना आपलाच आवाज त्याला एखाद्या गिऱ्हाइकाच्या आवाजासारखा लागला, घेतलेला कपडा परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या. दारवानानं वाद घातला नाही. उजेडाचाच असेल, म्हणाला. हॉटेलच्या साहेबांनाही ते दिवसाच दिसलं, म्हणून त्यांनी आपल्याला रात्रपाळीला टाकलंय, तिथे काही कळत नाही. सवडीनं करा मास्तर, घाई नाही, असं म्हणून तो वाकून बाहेर पडला. तो भांडला असता, टेबलावर हात आपटला असता, तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. समजून घेणाऱ्यापुढे माणूस उघडा पडतो.

रफूची रीत अशी की धागा त्याच कपड्यातून काढायचा. आतल्या शिवणीत, दुमडलेल्या काठात चार बोटं कापड असतं. तिथले धागे उपसायचे आणि भोकावर विणायचे. मग रंगाचा प्रश्नच येत नाही, कपडा आपल्याच रक्तानं भरून येतो. पण हॉटेलनं दारवानांचे कोट शिवताना कापड वाचवलं होतं. शिवणीत दोऱ्याएवढी जागा नव्हती. म्हणून त्यानं डब्यातला धागा घेतला होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात रिळांच्या रांगा. निळ्यांची रांग तिसरी. त्यानं तिसऱ्या रांगेतलंच रीळ घेतलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता त्यानं डबा पुढ्यात ओढला आणि तिसऱ्या रांगेकडे बघत बसला. सगळी रिळं निळी होती. निदान त्याच्या डोळ्यांना तरी. आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की आपल्या डोळ्यांतला मोतीबिंदू म्हणजे नुसतं धुकं नाही. धुकं आलं तर माणसाला कळतं तरी. हे काहीतरी गुपचूप, पायांचा आवाज न करता आत येऊन बसलं होतं आणि त्याच्या नावानं खोटं बोलत होतं.

मुलीनं दोन वर्षं मागे लागून जे झालं नव्हतं ते दारवानानं एका सकाळी केलं. रफूवाल्यानं तिला निरोप पाठवला आणि ती त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात घेऊन गेली. आधी म्हणून घेतलंच. "कुणा परक्याचा कोट बिघडला तेव्हा निघालात बाबा. आम्ही सांगून सांगून थकलो." आम्ही म्हणजे ती आणि तिची आई. आईला जाऊन पाच महिने झाले होते तरी मुलीच्या बोलण्यात ती अजून 'आम्ही'मध्ये होती.

डॉक्टर तरुण होता आणि समजावून सांगायची त्याला हौस होती. त्यानं डोळ्याचं प्लास्टिकचं मॉडेल हातात घेतलं, ते डब्यासारखं उघडलं आणि आतलं भिंग काढून दाखवलं. जन्मतः हे भिंग स्वच्छ असतं, काचेसारखं. वयाबरोबर ते पिवळं पडतं, मग तपकिरी, दाट. तुमचं आता जुन्या मधासारखं झालंय, त्यातून निळा रंग आत पोचतच नाही. डोळ्याच्या कडेला बारीकशी चीर घ्यायची, पिकलेलं भिंग आवाजाच्या लहरींनी आतल्या आत फोडायचं, ओढून घ्यायचं, आणि रिकाम्या झालेल्या पिशवीत नवं भिंग सोडायचं. नवं भिंग घडी घालून आत जातं आणि आत गेल्यावर उलगडतं. घडीचं ऐकून रफूवाल्याला जरा बरं वाटलं. घडी ही त्याच्या ओळखीची गोष्ट. त्यानं चीर किती मोठी ते विचारलं. अडीच मिलिमीटरपेक्षा जरा कमीच, डॉक्टर म्हणाला. मग त्यानं टाके किती ते विचारलं.

"टाका नाही, आजोबा."

"बिनटाक्याची?"

"चीर तिरपी घेतो आम्ही. आतल्या दाबानं तिच्या कडा आपोआप एकमेकींवर बसतात. भरून येते."

रफूवाला हसला, पण घरी येईपर्यंत, आणि आल्यावरही, ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. चाळीस वर्षांत कुठलंही भोक आपोआप भरून आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. उलट भोक नुसतं ठेवलं की वाढतं, हा त्याचा धंदा होता.

त्या दिवशी तिथूनच डॉक्टरनं त्याला लेन्सच्या बाईंकडे पाठवलं होतं. त्यांचं काम एवढंच की कुठली लेन्स घालायची ते माणसाला ठरवायला लावायचं. गोल चेहऱ्याच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या त्या बाईंनी त्याला काका म्हटलं आणि टेबलावर तीन कागद मांडले. आपलं मूळचं भिंग तरुणपणी जवळचं-लांबचं पाहताना स्वतःला वळवून घेतं. ही लेन्स वळत नाही. ती एका अंतराला बांधलेली असते. लांबचं घेतलं तर रस्ता, बस, समोरून येणारा माणूस चष्म्याशिवाय दिसेल, पण सुईला चष्मा लागेल. जवळचं घेतलं तर सुई दिसेल, आणि रस्त्याला चष्मा. तिसरी एक असते, तिच्यात जवळचं-लांबचं दोन्ही बसवलेलं असतं. पण काहींना तिच्यातून दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि गडद रंगातला बारीक फरक जरा फिका होतो. काळ्या कापडावर काळा धागा विणणाऱ्याला ती घाला असं डॉक्टर सांगणार नाहीत. मुलगी मधेच म्हणाली, लांबचंच घ्या, बाबा आता काम सोडून माझ्याकडे राहायला येणार आहेत, तिथे रस्ता ओलांडावा लागतो. काम सोडायचं ठरलं होतं हे रफूवाल्याला त्या खोलीतच कळलं. बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "काका, घरी जा. दिवसभरात तुम्ही कशाकशाकडे बघता आणि किती अंतरावरून, ते यावर लिहून आणा. टेप असेलच की तुमच्याकडे."

टेप होती. मुलगी आपल्या घरी गेल्यावर त्यानं ती गळ्यातून काढली आणि आपल्या आयुष्याचं माप घ्यायला बसला. सुई ते डोळा, अकरा इंच. डबा, सतरा इंच. इस्त्री, अडीच फूट. गिऱ्हाईक टेबलासमोर उभं राहतं ते साडेतीन फुटांवर. बसलेल्या माणसाला त्याचं पोटच जास्त दिसतं, म्हणून गिऱ्हाइकं त्याला चेहऱ्यापेक्षा गुंड्यांवरून जास्त लक्षात राहत. दार, पाच फूट. तिथे टेप संपली. साठ इंची टेप, तेवढ्यात त्याचा बहुतेक संसार मावत होता. मग तो जरा थांबला. खुर्चीच्या हाताला टेपचं टोक टाचणीनं अडकवलं, टेप ताणली, संपली तिथे जमिनीवर खडूची खूण केली, आणि खुणेपासून पुन्हा मोजायला लागला. आणखी तीस इंचांवर उशी होती. खुर्चीपासून पलंगावरच्या उशीपर्यंत बरोबर दीड टेप. साडेसात फूट.

पलंग आधी आतल्या खोलीत होता. बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तो बाहेर आणला, म्हणजे काम करता करता तिच्याकडे लक्ष राहील. गाठ काढताना डॉक्टरांनी तिचा आवाजही काढून घेतला होता. तसं त्यांनी आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि घडलेलं यात किती अंतर असतं ते कुठल्या टेपनं मोजायचं. घरभर बोलणारी बाई. भांड्यांशी, दाराशी, शिवायला आलेल्या कपड्यांशीही बोलायची. एखादी विजार हातात घेऊन, "हा माणूस खिशात किल्ल्या ठेवतो, बायकोला काही ठेवत नसेल," असं म्हणायची. ऑपरेशननंतर नुसते ओठ हलायचे. शब्द पुरे असायचे, ओठांवर नीट आकार घ्यायचे, फक्त त्यांत वारा नसायचा. तिला लिहिता येत नव्हतं. त्यालाही कुठे येत होतं. पन्नाशी उलटल्यावर एका शाळामास्तरानं सुटाच्या रफूच्या बदल्यात त्याला अक्षरं शिकवली, तेव्हा ती शेजारी भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, तुम्ही शिकलात म्हणजे झालं, मला काय कुणाला कागद पाठवायचाय. त्यामुळे ओठ हाच एक रस्ता उरला होता. तो मुलीला सहज वाचता यायचा. आठवड्यातून एकदा ती यायची, आईच्या पायाशी बसायची आणि दोघी तास तास बोलायच्या. खोलीत आवाज फक्त मुलीचा, तोही हळूहळू कमी होत जायचा, आणि शेवटी दोघी नुसत्या ओठांनीच बोलत बसायच्या आणि हसायच्या. तो खिडकीखाली पाठ वाकवून बसलेला असे. साडेसात फुटांवर त्याला दोन फिकट डाग दिसायचे, एकमेकांकडे झुकलेले.

मोतीबिंदू दोघींना ठाऊक होता, पण तिचे ओठ आपल्याला दिसत नाहीत हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याची त्यानं पुढे पुष्कळ कारणं शोधली. एक म्हणजे, तिला काळजी नको. दुसरं म्हणजे ऑपरेशनची भीती: एका ऑपरेशननं घरातला आवाज गेला होता, दुसऱ्यानं काय जाईल कुणी सांगावं. तिसरं कारण त्यानं सगळ्यांत तळाशी ठेवलं होतं. रफूवाल्याला दिसत नाही, असं म्हटलं की मग रफूवाला कोण उरतो?

तिला हाक मारता यायची नाही म्हणून त्यानं आपलं जुनं अंगुस्तान तिला दिलं होतं, शिवताना बोटात घालायची ती पितळी टोपी. सुईच्या टोचण्यांनी चाळण झालेली. ती ते बोटात घालून पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायची. टिक टिक. तो वर बघायचा. तिचे ओठ हलायचे. त्याला उशीवर एक फिकट गोल दिसायचा आणि त्यात काहीतरी गडद उघडमीट होताना. आणि तो मान हलवायचा. हो. मग वाट बघायचा. पुन्हा टिक टिक झालं तर आपला अंदाज चुकला. मग उठायचं आणि पाणी द्यायचं. पाणी नसेल तर उशी. उशी नसेल तर खिडकी. तीन उत्तरं त्याच्यापाशी होती आणि बहुतेक वेळा त्यांतलं एक बरोबर निघायचं. आजारी माणसाचं जग तेवढंच असतं असं त्यानं मनाला पटवलं होतं. जवळ जाऊन तिच्या तोंडाशी तोंड नेलं असतं तर कदाचित दिसलंही असतं. पण जवळ गेलं की ती बोलायची थांबायची, आणि नुसती त्याच्या शर्टाची गुंडी धरून ठेवायची.

शेवटच्या दिवशी दुपारी टिक टिक झालं. तो एका बाईच्या शालीवर काम करत होता, निम्म्यावर आला होता. त्यानं वर पाहिलं. या वेळी ती बराच वेळ बोलत होती. पाणी किंवा उशी म्हणायला इतका वेळ लागत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. उठावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. पण हातात अकरा धागे उभे होते, सोडले तर ताण जातो. बोलणं थांबलं. त्यानं मान हलवली. हो. आणि पुन्हा टिक टिक झालं नाही. म्हणजे जमलं, असं वाटून त्याला बरंही वाटलं होतं, एखादं कोडं न वाचताच सुटावं तसं. त्यानं पुन्हा मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

आपण कशाला हो म्हणालो? पाच महिने तो सुईत दोरा ओवताना, पायरी उतरताना, दूध तापवताना स्वतःला हे विचारत होता. मुलीकडे राहायला जाल ना? खिडकी लावता का? मी गेल्यावर रडणार नाही ना? तुमचा माझ्यावर राग आहे का? कुठल्याकुठल्या प्रश्नाला हो हे उत्तर चालतं आणि कुठल्याला नाही, हे माणसाला प्रश्न हरवल्यावरच कळतं. त्यानं आरशापुढे उभं राहून ओठ हलवून पाहिले होते. शब्द सगळे सारखेच दिसत होते.

त्यानं कागदावर शेवटची ओळ लिहिली. अक्षरं मोठी, एकमेकांपासून फटकून, उशिरा शिकलेल्या माणसाची असतात तशी. पलंग, साडेसात फूट. त्याच्या मनाशी पक्कं झालं होतं. सुईला चष्मा लागला तरी चालेल, रस्त्याला लागला तरी चालेल. डोळा बांधायचाच आहे तर साडेसात फुटांना बांधा. उशीर झाला, हे काय त्याला कळत नव्हतं? पण फाटलेलं दिसल्यावर ते जसं आहे तसं पुढे ढकलायचं, ही त्याची रीत नव्हती.

दवाखान्यात जायच्या दिवशी मुलगी त्याला न्यायला आली, तेव्हा कागद टेबलावरच होता. तिनं तो उचलून वाचला. अकरा इंच, सतरा इंच, असं मोठ्यानं वाचत गेली आणि शेवटच्या ओळीशी थांबली. जमिनीवरची खडूची खूण तिला दिसली. ती जाऊन पलंगावर बसली, उशीच्या नाही, पायाच्या बाजूला, जिथे ती नेहमी बसायची.

"इथे काय बघायचंय बाबा आता?"

त्यानं सांगितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं; दिसत नव्हतं ते, मान हलवायचो ते, पाणी-उशी-खिडकी, शालीचे अकरा धागे. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, टेपची घडी घालत होता, उलगडत होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली,

"आईला ठाऊक होतं."

त्याचे हात थांबले.

"तुम्हाला दिसत नाही ते. पहिल्यापासून. मला म्हणाली, हे आताशा प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. चाळीस वर्षांत एवढे हो मिळाले नव्हते, आता मिळतायत तर घेऊन ठेवते." मुलगी हसली, आणि हसताना तिचा चेहरा कसा झाला ते त्याला त्या अंतरावरून कळलं नाही. "पाणी हवं असलं की दोनदा वाजवायची. उशीला तीनदा. तुम्हाला अंदाज लागावा म्हणून तिनं ते लावून दिलं होतं. तुम्हाला वाटायचं, तुम्हीच ओळखताय."

त्याला आठवलं. खरंच तसं होतं.

"मग ती एवढं बोलायची काय? दिसत नाही हे ठाऊक असून?"

मुलीनं चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली, मग दुसरी. एकदा दारातून येताना मी पाहिलं होतं, ती म्हणाली. आई तुमच्याकडे बघून बोलत होती आणि तुम्ही मान हलवत होतात. मी दारातच थांबले. ती म्हणत होती, मला मरायची भीती वाटते. फार भीती वाटते. आणि तुम्ही हो म्हणालात, आणि वर जरा हसलातही. तिला नंतर विचारलं, हे मला सांग, त्यांना काय सांगतेस, त्यांना तर दिसतच नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणून तर सांगते. दिसलं तर ते सुई खाली ठेवतील. मग दोघांनीही घाबरत बसायचं का?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. रफूवाला टेप गुंडाळत राहिला. त्याला राग आला असं वाटलं, मग तो राग नसावा असं वाटलं. पाच महिने तो एका हरवलेल्या प्रश्नाचा शोध घेत फिरत होता, आणि तो प्रश्न नव्हताच. त्याला उत्तर द्यायचंच नव्हतं. त्या बाईनं साडेसात फुटांचं ते धुकं हेरलं होतं आणि जे जगात कुणाला सांगता येईना ते ती तिथे नेऊन ठेवत होती, रोज थोडं थोडं, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि तो हो म्हणत होता. शेवटच्या दुपारी ती काय बोलली ते मुलीलाही ठाऊक नव्हतं. ती त्या दिवशी आलीच नव्हती. विचारावं असंही आता त्याला वाटेना. एखादं पाकीट चुकून आपल्या घरात पडून राहिलं आणि नंतर कळलं की ते आपल्यासाठी लिहिलेलं नव्हतं, तर ते उजेडात धरून वाचायचं का?

लेन्सच्या बाईंनी कागद वाचला. अकरा इंच, अडीच फूट, पाच फूट यांच्या खाली त्यांनी बारीक रेघा मारल्या आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. साडेसात फुटांचं कुणी मागत नाही, म्हणाल्या. ना धड सुई, ना धड रस्ता, दोन्हीला चष्मा घ्यावा लागेल. पण हवंच असेल तर बसवता येतं. तिथे रोज काही बघायचं असतं का काका? मुलगी जमिनीकडे बघत होती. रफूवाल्यानं बाईंच्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि शेवटची ओळ सावकाश, एकच रेघ ओढून खोडली.

"अकरा इंचांची घाला," तो म्हणाला. "तिथलं धुरकट राहिलं तर चालेल."

मुलीला वाटलं, बाबा काम सोडायला तयार नाहीत. ती बाईंना तसं म्हणालीही, यांना सुई सुटत नाही, काय करणार. तो नाही म्हणाला नाही.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. थेंब, पांढरा उजेड, पाणी वाहिल्यासारखं, कुणीतरी सांगतंय हलू नका. दूरवर एक बारीक गुणगुण, एवढंच. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि पहिल्यांदा त्याला नर्सच्या कपड्यांचा निळा दिसला. तो इतका निळा होता की त्याला लाज वाटली, जणू कुणाचं तरी खाजगी काही आपण बघतोय. आठवडे थेंबांचे गेले. डोळा चोळायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, सुई तर नाहीच. मुलगी काही दिवस राहून गेली. तो खिडकीशी बसून हात बघायचा. आपले हात इतके म्हातारे आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यानं डबा उघडला. तिसऱ्या रांगेत चार तपकिरी रिळं होती. त्यानंच कधी कधी उचलून, काम झाल्यावर चुकीच्या जागी ठेवलेली. त्यानं उजवा डोळा झाकला: चारही निळी. डावा झाकला: तपकिरी. म्हणजे दारवान एकटा नव्हता. शहरात कुठे कुठे निळ्या कोपरांवर तपकिरी चौकोन घेऊन माणसं हिंडत होती, आणि एकही परत आलं नव्हतं. दिसलं सगळ्यांना असणार. बायकोसारखंच सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं होतं, आणि तो खिडकीखाली ताठ बसून होता.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दुपारी त्यानं दारवानाचा कोट पुढ्यात घेतला. आधी उसवलं. तपकिरी धागे एकेक करून बाहेर आले. वीण मात्र सुरेख होती, उसवताना त्याला हळहळ वाटली. अकरा इंचांवर आता सगळं होतं. कापडाचा केस न् केस, सुईचं नाक, नाकातून जाणारा निळा. त्यानं उभे धागे घातले आणि आडवे भरायला घेतले. निम्मं झालं असेल नसेल, आणि मानेला रग लागली म्हणून त्यानं वर पाहिलं.

साडेसात फुटांवर पलंग होता. पलंग म्हणजे एक फिकट लांबट काहीतरी, आणि एका टोकाला, उशी असायची तिथे, फिकट गोल. मुलगी जाताना चादर बदलून गेली होती. उशीवर तिनं काही ठेवलं असेल, टॉवेल किंवा आपली ओढणी. गडद काहीतरी त्यात होतं. जवळ जाऊन बघता आलं असतं. तो गेला नाही. कठड्यावर अंगुस्तान अडकवलेलं होतं, ते दिसत नव्हतं, पण होतं. खोलीत आवाज नव्हता. डोळ्याच्या कडेची ती बिनटाक्याची चीर आता भरून आली असणार, डॉक्टर म्हणाला होता तशी. त्याला तिथे काही जाणवत नव्हतं. त्यानं त्या फिकट गोलाकडे पाहिलं, सवयीनं मान हलवली. हो. मग पुन्हा खाली बघणार, तोच त्याचे ओठ हलले. आवाज न करता, शब्द नीट, पुरे, तिचे असायचे तसे.

मलाही, तो म्हणाला. मलाही फार भीती वाटते.

तिकडून काही हललं नाही. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. धागे ताणलेले होते, कोट निम्म्यावर होता. मग त्यानं सुई खाली ठेवली.